आधी त्याचं, मग आपलं

४ जून

चि. शहाण्यास,

आशीर्वाद, पण या खेपेला हात जरा आखडता घेतलाय.

तुमच्या मुख्य कार्यालयाचं परिपत्रक काल पक्षाच्या शाखेत आलं. गुळगुळीत कागद, रंगीत चौकटी, आणि कडेला हसणारं कुणाचं तरी बाळ. दुकानात एका बाईच्या डोक्याला रंग लावून तिला बसवलं होतं, तो वाळेपर्यंत म्हणून वाचायला घेतलं. वाचण्यात असा वेळ गेला की तिचे केस ठरल्यापेक्षा दोन छटा काळे झाले. ती बिचारी काही बोलली नाही. मी मात्र भरपूर बोलले, तुझ्या नावाने.

पालिकेची पाळणाघरं हळूहळू बंद करायची, आयांच्या हातात फीची कुपनं द्यायची, आणि त्यांनी आपल्या पसंतीचं खासगी पाळणाघर शोधायचं. हे म्हणे आपल्या पक्षाचं नवं धोरण. आयांना तुम्ही ‘ग्राहक’ म्हटलंय. अरे, दोन खुर्च्यांचं का होईना, माझं केस कापायचं दुकान आहे. गिऱ्हाईक काय चीज असते ते मला तू शिकवू नकोस. माझा हात आवडला नाही तर ती पलीकडच्या दुकानात जाते. तान्हं पोर काखोटीला मारून कामावर धावणारी बाई कुठल्या पलीकडे जाणार? आपल्या गावात पलीकडे काही नाहीच.

पाळणाघर हे पालिकेचं कामच नाही, असं समोरच्या पक्षाने म्हटलं होतं तेव्हा आपण पालिकेच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसलो होतो. तू माझ्या मांडीवर होतास. कपड्यांच्या कारखान्यातल्या बाया तेव्हा पोरांना फळांच्या खोक्यात घालून शिलाई मशीनखाली ठेवायच्या. त्यातून ते पाळणाघर उभं राहिलं. तुझ्या बापाने, म्हणजे माझ्या भावाने, तिथले पाळणे स्वतः ठोकले. तू तिथेच वाढलास, आणि आता तूच धोरण कक्षात बसून त्याला कुलूप लावायची वाक्यं जुळवतोस. ‘निवडीचं स्वातंत्र्य हाच खरा सन्मान’ हे वाक्य तुझंच आहे ना? ओळखलं मी. शाळेच्या निबंधातही शेवटी असाच तुरा खोवायचास.

असो. पुढच्या महिन्यात शाखेत यावर चर्चा आणि मतदान आहे. मी विरोधात बोलणार. पण आपल्या शाखेची रीत तुला आठवत असेल. राजधानीची हवा लागून विसरला असलास तर सांगते: आधी त्याचं, मग आपलं. ज्याला विरोध करायचा त्याची बाजू आधी आपण मांडायची, आणि तो ‘हो, हेच म्हणायचंय’ असं म्हणाला की मगच आपलं तोंड उघडायचं. कुपनांच्या बाजूने आपले औषधवाले आहेत. माणूस सज्जन, पण काटेकोर. गोळ्या मोजतो तसे शब्द मोजतो. अर्धवट मांडलं तर मान हलवत बसेल आणि मला पुढे बोलूच देणार नाही.

म्हणून तुझी बाजू मला सरळ भाषेत लिहून पाठव. चौकटी नकोत. फोन करू नकोस, फोनवर तू नुसता ‘हो आत्या, हो आत्या’ करतोस.

तुझी,
आत्या


१५ जून

आत्या,

नमस्कार, कान पकडून.

ते वाक्य माझंच आहे. बाळाचा फोटो माझा नाही.

आमच्या कार्यालयात आता भिंती काचेच्या आहेत आणि त्यांवरच लिहायचं असतं. जुनी मंडळी निवृत्त झाली, त्यांच्या जागी कंपन्यांतून आलेली हुशार मुलं आहेत. चर्चेला इथे ‘सादरीकरण’ म्हणतात. आमच्या प्रमुखांना सगळे मागून आलेखसाहेब म्हणतात, कारण त्यांना जेवायला बोलावलं तरी ते आलेख घेऊन येतील. तू हसशील. पण आत्या, आपण सलग तीन निवडणुका हरलो. तेव्हा जुनी मंडळी काय करत होती? लोक बिघडले म्हणत होती. आलेखसाहेबांनी पहिल्यांदा विचारलं की लोकांना काय हवंय.

आता सरळ भाषेत. तुझी सूनबाई परिचारिका आहे. तिची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. इथलंही पालिकेचं पाळणाघर चारला बंद होतं. दुपारच्या पाळीला ती मुलीला शेजारच्या आजीबाईंकडे ठेवते. त्या प्रेमळ आहेत, पण त्यांना डुलकी लागते. एकदा छकुली जिन्यापर्यंत रांगत गेली होती. सूनबाई दोन वेळा पालिकेत गेली, तेव्हा खिडकीतल्या माणसाने सांगितलं, वेळ म्हणजे वेळ. त्याला काय फरक पडतो? त्याच्याकडे कुणी आलं काय आणि नाही आलं काय, पाळणाघर तेच, पगार तोच. त्या दिवशी ती घरी येऊन रडली आणि मी पक्षाचा माणूस तिच्यासमोर मान खाली घालून बसलो. आपण उभं केलेल्या गोष्टीचं मी समर्थन करू शकलो नाही.

कुपन हातात असेल तर बाई खिडकीसमोर हात जोडून उभी राहणार नाही. ती म्हणेल, सातपर्यंत ठेवता का? नाही? मग मी चालले. आज श्रीमंत बाईला हे म्हणता येतं, गरीब बाईला येत नाही. ते दोघींना म्हणता यावं, एवढंच माझं म्हणणं. यात मला डावं-उजवं काही दिसत नाही, आत्या. न्याय दिसतो.

आमच्या शहराची पालिका अजून आपल्या हातात आहे, म्हणून ऑगस्टपासून इथे हे करून बघणार आहेत. छकुलीलाही कुपन मिळेल.

तुझा,
शहाण्या


२२ जुलै

शहाण्या,

घात झाला. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही करून घेतलं आणि आता लिहायला बसलेय.

सभेला खोली भरली होती. कारखान्यातल्या बाया एरवी येत नाहीत, त्याही आल्या होत्या. मी उभी राहिले आणि रीतीप्रमाणे आधी तुझी बाजू मांडायला घेतली. कागद वाचला नाही, आपल्या शब्दांत सांगितलं. खिडकीतला माणूस सांगितला, डुलकी लागणाऱ्या आजीबाई सांगितल्या, छकुली जिन्यापर्यंत गेली ते सांगितलं. ‘श्रीमंत बाईला म्हणता येतं, गरीब बाईला येत नाही’ हेही म्हटलं. मी औषधवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “हो, हेच. मला इतकं छान मांडता आलं नसतं.”

मग मी माझी बाजू मांडली. पायऱ्यांवरचं ठाण, फळांची खोकी, सगळं. पण ते सगळ्यांनी माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की लोक सौजन्य म्हणून ऐकत होते. आणि मग मागून एक जण उठली. तिला जुळी आहेत, म्हणून सगळे तिला जुळ्यांची आईच म्हणतात. तिने हळू आवाजात सांगितलं की कारखान्यात आता दुसरी पाळी सहाला सुटते, आणि चार ते सहा ती जुळ्यांना पहारेकऱ्याच्या खोलीत ठेवते. निम्म्या बाया तेच करतात. खोकी गेली नाहीत रे. मशीनखालून निघून फाटकापाशी गेली, एवढंच.

मला हे ठाऊक नव्हतं. तिचे केस मी कापते, तरी ठाऊक नव्हतं. खुर्चीत बसली की मीच बोलत असते.

मत झालं आणि माझ्याच शाखेने कुपनांच्या बाजूने हात वर केले. इतकी वर्षं ज्या म्हणण्याशी भांडले त्याचीच वकिली मी फुकटात केली. वर या धोरणावर शेवटचं मत जिथे होणार, त्या पक्षाच्या नोव्हेंबरच्या अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून जुळ्यांच्या आईला निवडलंय. बरोबरच आहे, बोलली तीच. पण मला लागलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही.

तुझं म्हणणं खरं होतं, हे मी मान्य करते. पाळणाघर बंद व्हावं हे मात्र अजून मान्य नाही. दोन्ही एकदम खरं कसं, ते माझं मला कळत नाहीये.

छकुलीला कुपन मिळालं की कळव.

तुझी हरलेली,
आत्या


२ सप्टेंबर

आत्या,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, माफ कर. कार्यालयात अधिवेशनाची गडबड आहे. शाखेचं ऐकून आनंद झाला. तू खूप मोठ्या मनाने वागलीस.

छकुलीला दोन दात आलेत, खालचे. तिसरा येऊ घातलाय, त्यामुळे किरकिर आहे. सूनबाई बरी आहे. इथे उकाडा कमी झालाय. कुपनांचं काम एकंदरीत व्यवस्थित सुरू आहे, एकंदरीत प्रतिसाद समाधानकारक आहे.

तब्येत सांभाळ.

तुझा,
शहाण्या


१४ सप्टेंबर

शहाण्या,

‘एकंदरीत’ हा शब्द तू जन्मात कधी वापरला नाहीस. मोठ्या मनाची तर मी मुळीच नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? म्हणून मी सूनबाईला फोन केला. ती बिचारी आढेवेढे न घेता बोलली. तुझ्यापेक्षा ती पोर सरळ आहे.

कुपन आलं, आणि पुढच्याच आठवड्यात खासगी पाळणाघराने फी तेवढीच वाढवली. दुसरीकडे विचारलं, तिथेही तेच. एक सातपर्यंत उघडं होतं, त्यांनी सहानंतरची फी वेगळी लावली. आणि बरेच ग्राहक खासगीकडे वळले म्हणून पालिकेचं पाळणाघर मात्र वर्षअखेरीस बंद होणार. म्हणजे छकुली पुन्हा आजीबाईंकडे. खरं ना?

जूनमध्ये तू मला खरं लिहिलंस. ऑगस्टात ते खोटं ठरलं. आणि सप्टेंबरात तू मला दातांबद्दल लिहिलंस.

तुझ्या मताचा मला राग नाही. मत कुणाचंही असावं, कसंही असावं, आपली रीत त्यासाठीच आहे. पण ती रीत चालते कशावर? समोरचा आपली बाजू आपल्याला खरी सांगतो, या भरवशावर. तू सांगितलंस म्हणून मी शाखेपुढे उभी राहिले. आता ती जुळ्यांची आई तेच मनात धरून तिकडे येणार, हजार माणसांपुढे बोलणार, आणि आमचं पाळणाघर स्वतःच्या हाताने घालवणार. माझ्या तोंडून ऐकून.

ती तुमच्याकडेच उतरणार आहे, मी सांगून ठेवलंय. तिला तू स्वतः सांग. मी सांगितलं तर म्हणेल, हरल्यावर आत्याबाईंना हे सुचलं.

आत्या


५ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. सगळं खरं आहे. लाज वाटते.

आमच्या शहरात कुपनांनंतर फी वाढल्याचा अहवाल आलेखसाहेबांनी पाहिला आणि म्हणाले, सुरुवातीचे आकडे कच्चे असतात, अधिवेशन झालं की बघू. ते वाईट नाहीत. त्यांना मनापासून वाटतं की स्पर्धा वाढली की फी उतरेल, थोडी कळ सोसली पाहिजे. मी विचारलं, कळ कोण सोसणार? ते म्हणाले, हा भावनिक प्रश्न आहे. मी गप्प बसलो. नोकरीची भीती होतीच, पण त्याहून मोठं म्हणजे मला माझी कल्पना सोडवेना. ती माझ्याच घरातल्या रडण्यातून निघाली होती. ती चुकली म्हणजे सूनबाईचं रडणं चुकलं, असं काहीतरी वेड्यासारखं वाटत राहिलं. सूनबाई म्हणाली, माझं रडणं बरोबर होतं, तुझा उपाय चुकला.

जुळ्यांच्या आईला मी सगळं सांगेन. अहवालही दाखवेन. तो कार्यालयाबाहेर न्यायचा नसतो, पण नेईन.

शहाण्या (नाव बदलायला हवं)


१९ नोव्हेंबर

आत्या,

आता सविस्तर ऐक. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील, त्या अर्धवट आहेत.

ती आदल्या दिवशी दुपारी आली. जुळ्यांना बहिणीकडे ठेवून आली होती आणि छकुलीला पाहिल्यावर तिने आधी तिला उचललं. मी अहवाल पुढे ठेवला, कुपनांविरुद्ध जे जे म्हणता येईल ते सांगितलं. तुझं सगळं सांगितलं, पायऱ्यांसकट. वाटलं होतं, ती चिडेल किंवा बाजू बदलेल. तिने दोन्ही केलं नाही. मला म्हणाली, “तुम्ही आत्या-भाचे एकमेकांची बाजू फार छान मांडता. पण आमचं पाळणाघर सातपर्यंत उघडं ठेवा, असं पालिकेला कुणी विचारलंय का?”

मी विचार केला, आत्या. शाखेने नाही विचारलं. मी इतकं मोठं धोरण लिहिलं, मीही नाही. सूनबाई विचारायला गेली होती, पण एकटी, आणि खिडकीपर्यंतच.

दुसऱ्या दिवशी तिची पाळी आली. ती म्हणाली, “माझ्या शाखेने मला कुपनांच्या बाजूने मत द्यायला पाठवलंय आणि मी ते देणार आहे. शब्द दिलाय. पण आम्ही हात का वर केले ते ऐका. आमचं पाळणाघर चारला बंद होतं. ते सातला बंद होत असतं तर मी आज इथे आलेच नसते.” मग तिने आलेखसाहेबांकडे वळून विचारलं की जिथे कुपनं दिली तिथे फी वाढली की नाही. तिला उत्तर ठाऊक होतं. तरी तिने अहवालाचं नाव घेतलं नाही, माझी नोकरी वाचवायला. हे मला नंतर कळलं.

आलेखसाहेब म्हणाले, त्याबाबतची आकडेवारी अद्याप परिपूर्ण नाही.

मी कर्मचाऱ्यांच्या बाकावर बसलो होतो. तिथून बोलायचं नसतं. मी उठलो. अध्यक्षबाई म्हणाल्या, तुम्ही प्रतिनिधी नाही, बसा. मी म्हणालो, “वाढली. कुपनाएवढीच वाढली. माझ्या मुलीच्या पाळणाघराची वाढली, आणि अहवाल सप्टेंबरपासून माझ्या टेबलावर आहे.” आणि मग बसलो.

पुढे बराच गोंधळ. शेवटी ठराव शाखांकडे परत पाठवायचा का, यावर मत घेतलं. बहुसंख्य म्हणाले, परत पाठवा, अहवालासकट. जुळ्यांच्या आईने मात्र दिलेला शब्द पाळून परत पाठवण्याविरुद्ध, म्हणजे कुपनांच्या बाजूने, उंच हात केला, हरली, आणि हसत खाली आली. इतकं सुंदर हरणं मी पक्षात पाहिलं नव्हतं.

मला धोरण कक्षातून काढलंय. शाखांशी संपर्क ठेवायचं टेबल दिलंय, तळघरात. तिथे काच नाही, खुर्ची मोडकी आहे, आणि दिवसभर शाखांतून फोन येतात. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला कामावर जावंसं वाटतं. सूनबाई इथे रुग्णालयातल्या इतर परिचारिकांना घेऊन पालिकेत गेली, या वेळी खिडकीशी नाही, थेट आत. बंद करायचा निर्णय तूर्त थांबलाय.

एक सुचवू? पालिका वेळ वाढवेपर्यंत शाखेतल्या मंडळींनी आळीपाळीने संध्याकाळी पाळणाघर सांभाळलं तर?

तुझा,
शहाण्या


२५ फेब्रुवारी

चि. शहाण्यास,

अनेक आशीर्वाद, हात अजिबात आखडता न घेता.

आधी तुझ्या सूचनेचा समाचार घेते. आळीपाळीने सांभाळायचं म्हणे. म्हणजे फुकट, आणि अर्थातच बायांनी. अरे, एवढा मार खाऊनही तुझ्या डोक्यातला काचेचा तुकडा निघाला नाही का? पोरं सांभाळणं हे काम आहे, आणि कामाला पगार असतो. सूनबाई फुकट इंजेक्शनं देते का? आम्ही पालिकेला तेच सांगितलं: सातपर्यंत उघडं, आणि संध्याकाळसाठी दोन पगारी बाया. जुळ्यांची आई पुढे, कारखान्यातल्या तीस-चाळीस जणी मागे, मी मधे. आणि गंमत ऐक, औषधवालेही आले. मी म्हटलं, तुम्ही कसे इकडे? म्हणाले, कुपन मला अजून पटतं, पण चारला बंद होणं कधीच पटलं नव्हतं. पालिकेच्या अर्जात काय लिहिलं की काय अडतं, ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. त्यांच्यामुळे निम्मे हेलपाटे वाचले.

पालिकेने उन्हाळ्यापर्यंत करून बघायचं कबूल केलं. पुढचं पुढे. पण शिंगं मोडली नाहीत आमची, पुन्हा जाऊ.

मग परत आलेल्या ठरावावर शाखेत दुसऱ्यांदा सभा. मी विरोधातच, त्यामुळे आधी कुपनांची बाजू मांडायची पाळी पुन्हा माझ्यावर. खरं सांगू? मनात पाप आलं. छकुलीचं सांगू नये, खिडकीतल्या माणसाचं सांगू नये, थोडं पातळ करावं, कुणाला कळणार आहे. मागच्या खेपेला तोंड पोळलं होतं. रात्रभर घोळवलं, आणि उभी राहिल्यावर एकही शब्द गाळला नाही. उलट फी उतरेल असं आलेखसाहेबांना का वाटतं, तेही घातलं. जुळ्यांची आई माझ्याकडे बघत होती. तिच्यासमोर लबाडी करायची माझी छाती नव्हती.

मग तुझा अहवाल वाचला. आणि माझ्या बाजूत या वेळी पायऱ्या आणल्याच नाहीत. संध्याकाळी सहाला पाळणाघरात काय चालतं तेवढं सांगितलं. मत झालं. पाळणाघर राहिलं, शहाण्या. काठावर नाही, चांगलं घसघशीत राहिलं. मी सगळ्यांसमोर रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

औषधवाल्यांनी मत कुपनालाच दिलं. अगदी ताठ हात करून.

सोमवारी दुकान बंद करून मी सहज पाळणाघराकडे गेले. सहा वाजायला आले होते. वाटेत कारखान्याच्या फाटकाशी पहारेकऱ्याच्या खोलीत एकही पोर नव्हतं, तो एकटाच चहा पीत बसला होता. पाळणाघरात जुळी एकाच खेळण्यावरून भांडत होती. आणि दाराशी कोण उभं? औषधवाले, नातीला न्यायला. मी म्हटलं, “अहो, तुम्ही तर विरोधात मत दिलंत.”

ते म्हणाले, “दिलं. पुढच्या वर्षीही देईन. पण मी दुकान बंद करेपर्यंत हिला कोण बघणार?”

नातीची मोजडी सापडत नव्हती. आम्ही दोघांनी मिळून शोधली, ती पाळण्याखाली होती. मग घरी आले आणि पोटभर जेवले.

तुमच्या तळघरातून पुढच्या महिन्यात शाखांच्या भेटी निघणार आहेत असं ऐकलं. इकडे येशील तेव्हा छकुलीला घेऊन ये. दुपारची तिची सोय कुठे करायची, ती काळजी करू नकोस.

तुझी,
आत्या